मामांची ठमी मैदानात उतरते

आमच्या मामांइतका सरळ उभा राहणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांचं उभं आयुष्य एका शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून गेलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल दिली, नारळ दिला, पण गळ्यातली शिट्टी काही काढून घेतली नाही, आणि त्याची फळं इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीनं भोगली. पाण्याचा टँकर आला की मामा खाली उतरून रांग लावत. माणसांची नव्हे, बादल्यांची, आणि तीही उंचीप्रमाणे. देवळात प्रदक्षिणा घालताना प्रत्येक कोपऱ्यावर टाच आपटून ‘उजवीकडे वळ’ करत. मागून आत्या कपाळाला हात लावून चाले. ‘अहो, हळू. देव दचकेल,’ म्हणे. यावर मामा अतिशय गंभीरपणे सांगत, ‘देवाला शिस्त आवडते.’ हे ते विनोदानं म्हणत नसत. मामांनी आयुष्यात विनोद केल्याचं मला आठवत नाही; आम्ही हसायचो, तेव्हा ते आमचं हसणं संपेपर्यंत विश्रामात उभे राहत.

विश्रामात ते आणखी एका वेळी उभे राहत, ते म्हणजे आत्या बोलत असताना. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे हे दृश्य रोजचं होतं. आत्या दुधावरून, पेपरावरून, ओल्या पंच्यावरून तोफ डागायची. मामा हात पाठीमागे बांधून, पाय किंचित फाकवून समोरच्या कॅलेंडरकडे बघत सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, ‘संपलं?’ ती ‘संपलं’ म्हणाली की मगच हलत. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. मला वाटतं, जगात हुकूम द्यायचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे हे त्यांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. आत्यानं सांगितलेलं त्यांनी मोडल्याचं एकदाच पाहिलं, आणि ते सगळ्या जत्रेनं पाहिलं.

मामांचे धाकटे भाऊ विंचूरला शेती करतात. आत्या लग्न होऊन आली तेव्हा ते चड्डी सावरत फिरणारे पोर होते. आई लवकर गेलेली, त्यामुळे वहिनीच्या हातचं खाऊनच मोठे झाले. या धाकट्या मामांना घोड्याची हौस. त्यांच्याकडे एक ठेंगणी, हाडापेरानं मजबूत देशी घोडी होती. वरातीला घोडे देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या काठेवाडी घोड्याकडे त्यांनी ती नेली, आणि अकरा महिने गावभर ‘आता बघाच’ म्हणत फिरले. शिंगरू झालं ते संकरातच व्हावं तसं झालं: आईचे आखूड पाय, बापाचे आत वळलेले कान, आणि दोघांनाही नसलेला एक आगाऊपणा. घोडी मात्र त्याच रात्री गेली. आत्या तेव्हा विंचूरलाच होती. तिनं बाटलीला रबरी निपल लावून गायीचं दूध पाजत ते शिंगरू जगवलं आणि त्याचं नाव ठेवलं ठमी. पुढचे सगळे महिने ती नाशकात कमी आणि विंचूरच्या गोठ्यात जास्त असायची. मामा दर रविवारी एस.टी.नं जाऊन तिथेच तिची बोलणी खाऊन येत.

ठमीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. डोळ्यातून आसू ढाळल्यासारखा भोवरा. असं जनावर ज्या घरात, त्या घरात रडं, अशी पक्की समजूत. असा घोडा कुणी दारात बांधत नाही. आत्या म्हणायची, ‘माझ्याही गालावर तीळ आहे, म्हणून काय मला बाजारात न्याल?’ ठमी वर्षाची व्हायच्या आत आत्या गेली.

आता खरी गोष्ट अशी होती की आत्याचं दुखणं ठमीच्या जन्माआधीचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोलीत मामा आणि मी दोघंच होतो. आत्यानं आम्हा दोघांना बजावलं, धाकट्याला कळता कामा नये; कांद्याची काढणी तोंडावर आहे, त्याचं लक्ष लागणार नाही. काढणी झाली, पुढचा हंगाम आला, तरी ती ‘आत्ता नको’ म्हणत राहिली. शेवटी तिला बोलणंच जमेना, आणि हुकूम मागे घ्यायचा राहून गेला. धाकट्या मामांच्या लेखी, गोठ्यात आसूढाळ जनावर आलं आणि चांगली चालती-फिरती वहिनी वर्षात गेली. दहाव्याला घाटावरून परतताना ते म्हणाले, ‘दादा, त्या शिंगराला म्या दारात ठिवनार नाय. जत्रंच्या बाजारात सोडून येतो.’

जत्रेत जनावरांचं प्रदर्शन भरतं, त्यात शिंगरांचाही एक गट असतो. खोगीर नाही, स्वार नाही, नुसतं दोरीला धरून परीक्षकांपुढे उभं करायचं आणि चालवून दाखवायचं. मामांनी भावाला सांगितलं, ‘आधी प्रदर्शन, मग बाजार. जाणकारांनी हिला चांगली म्हटलं तर ती तुझ्या दारात राहील. नाही म्हटलं, तर ने.’ धाकटे मामा कबूल झाले. मामांना खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण आत्याचा हुकूम तो हुकूम. त्याऐवजी त्यांनी ज्याला आपण घोड्याला शिकवणं म्हणतो ते सुरू केलं, आणि ती निव्वळ शाळेतली कवायत होती. दर रविवारी मी त्यांच्याबरोबर बादली आणि खरारा घेऊन जायची. एक लांब शिट्टी, सावधान. दोन आखूड, चल. ठमी पहिल्यांदा शिट्टी ऐकून कांद्याच्या वाफ्यातून उधळली आणि मामा तिच्यामागे ‘रांग सोडू नको!’ ओरडत धावले. पण हळूहळू अशी वेळ आली की एक लांब शिट्टी झाली की ठमी चारही पाय जमिनीत पुरल्यासारखी उभी राही. नाकावर माशी बसली तरी हलत नसे. मामा तिच्या शेजारी तसेच उभे. दोघांकडे बघून गोठ्यातला गडी एकदा मला म्हणाला, ‘ताई, यातलं मास्तर कोन आन् पोर कोन, कायच कळना.’

प्रदर्शनाच्या दिवशी मामा पांढराशुभ्र गणवेश घालून आले. ठमीच्या म्होरकीला त्यांनी लाल लोकरीचा एक गोंडा बांधला होता, नेमका डाव्या डोळ्याखाली रुळेल असा. मामांनी आयुष्यात केलेली ती एकमेव लबाडी असावी, आणि ती त्यांना अजिबात जमत नव्हती. दर दोन मिनिटांनी गोंडा नीट करून ते स्वतःच सगळ्यांचं लक्ष तिकडे वेधत होते. धाकटे मामा कठड्याबाहेर उभे होते. त्यांनी बाजारातला एक व्यापारीही गाठून ठेवला होता.

शिंगरं मैदानात आली. ओळ लागली. मैदानावरच्या माणसानं चालायला सांगण्यासाठी शिट्टी फुंकली. एक. लांब.

बाकीची शिंगरं चालू लागली. ठमी सावधान झाली.

लोक हसायला लागले. मामांच्या गळ्यात शिट्टी होती. दोन आखूड फुंकल्या असत्या तर काम झालं असतं. पण मैदानावर शिट्टी एकाचीच चालते, हा त्यांचा जन्मभराचा नियम. तेही सावधान. मैदानावरचा माणूस वैतागून पुन्हा फुंकायचा, पुन्हा लांब, आणि ठमी आणखी ताठ व्हायची. मी कठड्यापाशी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात धाकट्या मामांचा आवाज आला, ‘आसूढाळ जनावर ते! दुसरं काय व्हनार!’

हसणं थांबलं. परीक्षक म्हणजे फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ होते, स्वतः घोडे पाळणारे. ते ठमीजवळ आले.

‘मास्तर, चालवा की हिला.’

‘शिट्टी चुकली आहे,’ मामा समोर बघत म्हणाले. ‘एक लांब म्हणजे सावधान. तिचं बरोबर आहे.’

म्हाताऱ्यानं ठमीचे दात बघितले, पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला. मग बोटानं गोंडा उचलला. ‘भोवरा हाय की ओ. म्हाईत हाय ना?’

‘आहे.’ मामांनी गोंडा स्वतःच ओढून काढला आणि खिशात घातला.

‘जनावर तसं चांगलं हाय. पन हे घरात रडं आनतं मास्तर. घरात काय झालं का?’

मामांनी एकदा कठड्याकडे पाहिलं. मग मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या पोरांना ऐकू जावा असा जो आवाज ते शाळेत काढत, त्या आवाजात ते म्हणाले, ‘माझी बायको गेली. पण ती हिच्या जन्माच्या आधीपासून आजारी होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तिनं कुणाला सांगू नका म्हणून बजावलं, म्हणून मी गप्प होतो. हिला तिनं बाटलीनं दूध पाजलं. शेवटच्या वर्षात ती हसली असेल तर हिच्या खोड्यांना. हिचा काही गुन्हा नाही.’

गोंडा जिथे रुळत होता, ती जागा म्हाताऱ्यानं अंगठ्यानं पुसली. ‘इकायची हाय का हिला?’

‘नाही.’

‘मंग भोवऱ्याचं काय घेऊन बसलात? चालवा.’ आणि मैदानावरच्या माणसाकडे वळून ते म्हणाले, ‘मास्तरला इचार कशी शिट्टी पायजे, आन् तशी मार.’

दोन आखूड शिट्ट्या झाल्या. ठमी चालली. आखूड पाय उचलत, कान ताठ करून, मामांच्या पावलाला पाऊल लावून ती अख्खं मैदान चालली आणि कोपऱ्यावर अशी काटकोनात वळली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंबर आला नाही. येणारही नव्हता, बाकीची शिंगरं फार देखणी होती. पण म्हाताऱ्यानं जाताना मोठ्यानं सांगितलं, ‘गुनाचं शिंगरू हाय.’

धाकटे मामा आत आले. व्यापारी कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांनी मामांच्या हातातली दोरी घेतली.

‘दादा, वैनी आधीपासून आजारी व्हती?’

‘हो.’

‘मला का नाय सांगितलं?’

‘काढणी होती. तुझं लक्ष लागणार नाही म्हणाली.’

परत जाताना मामा आणि मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो. धाकट्या मामांना पुढे जागा होती, तरी ते मागे ठमीजवळ चढले. विंचूरचा फाटा जवळ आला तसा मागच्या खिडकीतून आवाज यायला लागला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. ‘काका, मागं कोनी रडतंय वाटतं. थांबू का?’

‘थांबू नका,’ मामा म्हणाले. ‘रडू द्या त्याला. ती गेली तेव्हा तो रडला नव्हता.’

घरी पोचल्यावर धाकट्या मामांनी ठमीला स्वतः उतरवलं. तोंड धुतलं नव्हतं, तसेच तिला गोठ्याकडे घेऊन गेले. आम्ही मागोमाग गेलो तेव्हा ते अंधारलेल्या गोठ्यात हातात रिकामं घमेलं धरून उभे होते. आत्या गेल्यापासून त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सगळं गडीच करायचा.

‘दादा,’ त्यांनी विचारलं, ‘वैनी हिला पानी कशात पाजायची?’