बाबांची सरकलेली गादी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — आणि आता आई राहिली नाही, म्हणूनच बहुधा जीभ उचलते आहे. धीर आला म्हणून नव्हे. धीराचं आणि माझं कधी जमलंच नाही, ते तुम्हाला कळेलच.

बाबा इकडे हिंदी मुलखात, बरखेड्याच्या कारखान्यात फोरमन होते. अमरावतीहून नोकरीला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं, पण जवळच घर घेतलं. मी लग्नानंतरही पलीकडच्याच गल्लीत, शाळेत शिकवायला. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कमरेचं दुखणं म्हणजे मानाचा आजार. जन्मभर लोखंडाशी झुंजला आणि कमर धरली नाही, तर लोक विचारायचे, याने काम केलं तरी कधी? त्यामुळे बाबांची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. मग तपासण्या झाल्या. कॅन्सर प्रोस्टेटचा होता आणि मणक्यापर्यंत पोचला होता.

डॉक्टरांनी मला एकटीला बसवून सांगितलं. रोग एका जागी राहिलेला नाही, तेव्हा औषधही सगळ्या अंगात पोचणारं हवं. हार्मोन दाबणारं इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, हाडं टिकावीत म्हणून अधूनमधून सलाइनमधून औषध; गरज पडली तर पुढे किमो. पूर्ण बरे होणार नाहीत, पण चांगले दिवस बरेच मिळू शकतात, म्हणाले. पायांत मुंग्या आल्या, पाय जड झाले, लघवी अडली, तर त्याच दिवशी घेऊन या — हेही बजावलं. आणि शेवटी विचारलं, "इन्हें बता दिया है ना आपने?"

मी म्हटलं, "जी सर, सब मालूम है."

घरी येऊन आईबाबांना सांगितलं की मणक्याची गादी सरकली आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपल्याकडे सगळेच लपवतात, वडिलांचं मन जपलंस. नाही हो. मी माझं मन जपलं. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये — एवढाच माझा हिशोब होता.

औषधं लागू पडली, हीच तर पंचाईत. दुखणं पळालं. बाबा पुन्हा भाजी आणायला जाऊ लागले. इंजेक्शनला ते 'ग्रीसिंग' म्हणायचे. ऐन थंडीत त्यांना गरम वाफा यायच्या, रजई भिरकावून द्यायचे. आई चिडवायची, आणि मी — मीही हसायचे. काय लाज सांगू तुम्हाला. त्या वाफा कशाच्या, हे घरात एकटीला मला ठाऊक होतं.

पण खोटं बोलतानाही अक्कल लागते. मी असा आजार निवडला होता की ज्यावर अख्ख्या बरखेड्याकडे इलाज होता. कॅन्सर म्हटलं असतं तर लोक गप्प बसले असते. गादी म्हटल्यावर प्रत्येकाला एक वैद्य आठवला. कारखान्यात बाबांच्याच शॉपमधले जुने सोबती शुक्लाकाका, त्यांची कमर मंडीदीपच्या एका पहलवानाने दाबून बसवली होती. ते बाबांच्या मागे लागले. बाबा टाळत राहिले, कारण दुखतच नव्हतं.

मग एका सकाळी बाबा म्हणाले, पाय झोपल्यासारखे वाटतायत, मुंग्या येतायत.

मला लगेच कळलं. हे मुद्दाम लिहिते आहे. मला कळलं नाही, असं झालेलं नाही. पण तडकाफडकी दवाखान्यात न्यायचं म्हणजे डॉक्टर त्यांच्यासमोर बोलणार, आणि बाबा माझ्याकडे बघणार. मी म्हटलं, उद्या दाखवू. ते म्हणाले, शुक्ला येतोय स्कूटर घेऊन, आज त्या पहलवानाकडेच जाऊन येतो. मी पर्स खांद्याला लावत म्हटलं, कशाला उगाच, आराम करा. ते हसले. म्हणाले, "अगं, गादीच सरकलीय ना? हाड थोडंच मोडलंय."

एक वाक्य पुरलं असतं. मी शाळेत निघून गेले.

पहलवानाने पाठीवर गुडघा देऊन दाबलं. बाबा तिथून उठलेच नाहीत. पोखरलेला मणका खचला होता. पुढे किरणांचे शेक झाले, औषधं बदलली, पण पाय परत आले नाहीत. मला मुंग्यांबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनाही मी सांगितलं की बाबा काही बोलले नव्हते.

बाबांना सगळं ठाऊक असेल, असं मी कितीदा स्वतःला समजावलं. पण ठाऊक असतं तर ते त्या पहलवानासमोर पालथे झोपले असते का?

बोल लागला तो शुक्लाकाकांना. ते दारात येऊन म्हणाले, "भाभीजी, मैं तो अच्छे के लिए ले गया था." आईने त्यांना आत घेतलं नाही. मी तिच्या मागेच उभी होते. ते पुन्हा आले नाहीत. बाबा गेले तेव्हा मात्र फाटकाबाहेर उभे होते. आई जन्मभर त्यांना शिव्या देत राहिली. मी तिला एकदाही थांबवलं नाही. आज शुक्लाकाकाही नाहीत.

हे सगळं एकीकडे ठेवलं तरी एक उरतंच. बाबांचे शेवटचे दिवस. मी कूस बदलून देत होते, पायाखाली उशी लावत होते. त्यांनी माझा हात धरला. डोळे भरलेले. जे पाहायला नको म्हणून मी एवढं केलं, ते अखेर पाहिलंच.

म्हणाले, "चुकलं माझं बेटा. तू आराम करा म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही, आता तुझे हाल. माफ कर मला."

मी त्यांचे डोळे पुसले आणि म्हटलं, "असू द्या, बाबा. केलं माफ."