जोड ओढून पाहणारे नईमभाई

हेलिकॉप्टरमधला वायरीचा तो सैल जोड नईमभाईंनी शोधला नव्हता, मी शोधला होता. हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. महिन्यापूर्वी अकोल्याहून त्यांच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला, ‘काका, अब्बा गेले...’ तेव्हा दुःखाच्या आधी मनात आलं ते हे, की आता ही गोष्ट माहीत असणारा मी एकटाच उरलो. त्या विचाराची लाज वाटत असतानाच मी अमरावतीहून गाडी काढली.

नईमभाई वायुसेनेत वॉरंट ऑफिसर होते, मी एका खासगी कंपनीत अभियंता. सीमेवर ताण वाढला होता त्या हिवाळ्यात, हेलिकॉप्टरांवर क्षेपणास्त्राची चाहूल देणारी यंत्रणा तातडीनं बसवायची होती. एरवी अशा कामात कागदच वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरतात. या वेळी वायुसेनेचे तंत्रज्ञ, तपासणीवाले आणि आम्ही कंपनीची माणसं एकाच हँगरमध्ये, एका टेबलाभोवती आणून बसवली होती. पहिल्या दिवशी सगळे हिंदी-इंग्रजीत जपून बोलत होते, आणि मागून आवाज आला, ‘हा पाना कोनं ठेवला बे इथं?’ मी वळून विचारलं, ‘तुमी अकोल्याकडचे का?’ ‘हाव. अन् तुमी?’ ‘अमरावतीजवळच्या वलगावचा.’ ‘मंग तं घरचेच झाले!’ त्या दिवसापासून मी त्यांचा अविभाऊ झालो.

त्यांची एक सवय होती. कुठलाही जोड बसवला की ते ओढून पाहायचे, मग पुन्हा एकदा ओढायचे. ‘एक डाव जोडासाठी, एक डाव माह्यासाठी,’ म्हणायचे. मी चिडवायचो, ‘नईमभाई, कपाचा कानही ओढून पाहा.’ ‘पाहतो ना. तुमच्या कंपनीचा असन तं नक्कीच पाहतो.’ अशा थट्टेमुळेच ते टेबल चाललं. वायुसेना आणि कंपनी एरवी एकमेकांकडे संशयानं बघतात. आमच्याकडे नईमभाई मला हाक मारून सांगायचे, मी कारखान्यात फोन लावायचो, बदललेला भाग पुढच्या विमानानं यायचा. पण त्या टेबलाचा एक अलिखित नियमही होता. जो काम थांबवेल, उशीर त्याच्या नावावर.

एका पॅनेलमागे जोड बसवायची जागा मी आखली होती. तिथं हात पुरता जात नसे. जोड बसल्यासारखा वाटे, पण बसत नसे. एका चाचणी उड्डाणानंतर मी नईमभाईंसारखाच सहज तो ओढून पाहिला, आणि तो माझ्या हातात आला... वर, बर्फात, माणसं घेऊन जाताना असं झालं असतं तर यंत्रणा मुकी झाली असती.

मी साहेबांकडे गेलो नाही. चहाच्या टपरीमागे नईमभाईंना गाठलं. ‘तुमी थांबवा म्हणा,’ मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. ‘आमी थांबवलं तं कंपनी माहा जीव घेईन. तुमच्या वर्दीले कोण काय म्हणते?’

ते हसले. ‘वर्दीले नाही म्हनत, अविभाऊ. वर्दीतल्या मान्साले म्हनतेत.’ मग कप रिकामा करून म्हणाले, ‘बरं. म्हनतो.’

सकाळच्या बैठकीत त्यांनी शांतपणे सांगितलं, जोड सैल आहे, जागा बदलल्याशिवाय एकही हेलिकॉप्टर सोडू नये. वरिष्ठांनी विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? ‘माझ्या.’ मग वरिष्ठ माझ्याकडे वळले. कंपनीचं काय म्हणणं? मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘आमच्या तपासणीत असं काही आढळलं नव्हतं.’ नईमभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टेबलावरच्या वायरीकडे बघत राहिले.

सगळे जोड नव्यानं बसवले गेले. हेलिकॉप्टरं उशिरा, पण नीट गेली. कौतुक कंपनीच्या चपळाईचं झालं. नईमभाईंना त्या कामातून हलवलं आणि त्या वर्षी होणारी त्यांची नोकरीची मुदतवाढ झाली नाही. ‘अडवणारा माणूस’ एवढाच शेरा फिरत राहिला. ते अकोल्याला परतले. मी अधूनमधून जायचो, मोर्शीची संत्री घेऊन. एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाले, ‘ते काहून काढून राहिले? उडाले ना सारे? वापसही आले. झालं मंग.’ मला तेवढंच हवं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

कब्रस्तानातून माती देऊन परत आल्यावर अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. शबानाचे मामा लोकांना सांगत होते, ‘लय जिद्दी आदमी. एका वायरीपायी नोकरी घालवली.’ मग माझ्याकडे वळून, ‘खरं ना साहेब? तुमी तं तिथंच होते.’

शबाना पाण्याचा तांब्या घेऊन जवळच उभी होती. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, हे मला दिसत होतं.

‘स्वभाव होता त्यांचा,’ मी म्हणालो.

भाभी, नईमभाईंची बायको, इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागच्या एकांतवासात होत्या; त्यांना पडद्याबाहेरूनच सलाम सांगून निघालो. शबाना फाटकापर्यंत आली. माझ्यामागे तिनं कडी लावली, ओढून पाहिली. आणि पुन्हा एकदा ओढली. मी गाडीत बसून त्या कडीकडे बघत राहिलो.

हा लेख छापून येण्याआधी अकोल्याला जायचं ठरवलं होतं. गेलो नाही. लिहिणं सोपं गेलं. त्या अंगणात, मामांसमोर आणि शबानासमोर, मला एवढंच म्हणायचं आहे: दोष माझ्या आखणीत होता, तो सापडला मला होता, आणि तुमच्या माणसानं काम थांबवल्याचा उशीर माझ्यासाठी स्वतःच्या नावावर घेतला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.