चौथी तार

तंबोऱ्याच्या चारही तारा मी एकाच सुरात लावायला गेलो आणि चौथी तोडली.

भुताखेतांच्या बाबतीत मी कोरडा माणूस. जन्म रेल्वेच्या नोकरीत गेला. गाडी थांबली तर कारण सापडतंच, एवढाच माझा धर्म. तरी हे लिहून राहिलो...

जबलपूरला गोरखपूर भागात आमचा फ्लॅट. दुसऱ्या दिवशी सुलभाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध होतं. ती गायची. मुलगी रेवा तिच्याकडेच शिकली, पण आई गेल्यापासून तिनं सूर म्हणून काढला नव्हता. वाटलं, तंबोरा लावून ठेवावा... बँकेतून आली की पाहील, कदाचित बसेल.

सुलभाच्या राज्यात मला फक्त गवसणी चढवायची परवानगी. खुंटीकडे हात गेला की म्हणायची, "तुम्ही चहा ठेवा." पण आता माझ्या मोबाइलवर ट्यूनरचं ॲप होतं! सूर जुळला की हिरवा दिवा. मी शहाणा चारही तारांकडून तोच दिवा मागत बसलो. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, जाड पितळी तार पिळत गेलो, पिळत गेलो — तट्.

घरात दुसरी तार नव्हती. तुटलेली तार नमुना म्हणून खिशात टाकली, गवसणी चढवली (तेवढं येतं), कुलूप लावून कमानिया गेटजवळचं वाद्यांचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, ये तो कल मिलेगी."

परत आलो आणि दारातच थबकलो. रेवा गात होती. बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच. तंबोऱ्याला चारही तारा. आणि सूर तिच्या पट्टीतला नव्हता, फार खाली होता... शेवटच्या आजारात सुलभाचा गळा जिथं उतरला होता, तिथं. मला सुरातलं कळत नाही, पण तो सूर मी रोज संध्याकाळी चहा ठेवताना ऐकलाय.

खिसा चाचपला. तुटकी तार होती.

गाणं संपल्यावर विचारलं, तर रेवा म्हणे, गवसणी काढली तेव्हा लागलेलाच होता. दुसरी किल्ली तिच्याचकडे. मधे कोणी आलं नव्हतं. मी नंतर सगळं तपासलं. कारण आजवर सापडलेलं नाही.

पण त्या क्षणी पोरीला घाबरवायचं नव्हतं... आणि खरं सांगतो, थोडा भावही खायचा होता.

"मीच लावला," मी म्हणालो.

तिनं मनगटानं डोळे पुसले.

"झूठ मत बोलो, बाबा. तुम्ही लावला असता तर मी गायली असती का?"