गाणारा ट्रक आणि हव म्हणणारा माणूस

सन २००२. माझं वय एकसष्ट. शुभांगीने माझी स्क्रिप्ट टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाली, "काका, ये मैं नहीं बनाऊँगी."

शुभांगी आमची चित्रकार. घरची मराठी, पण बोलायची हिंदीत. मराठी तिला सगळी समजायची. मी रागावलो की जरा जास्तच समजायची.

"काहून?" मी म्हणालो.

"इसमें बनाने को है क्या? पहलवान खड़ा है, बोल रहा है. पहलवान बैठ गया, फिर बोल रहा है. आपका फुगा इतना बड़ा है कि पहलवान की सिर्फ मूँछ दिखेगी."

फुगा म्हणजे ज्यात पात्राचं बोलणं लिहितात ते गोल. चित्र ज्या चौकटीत असतं तो डब्बा. एका पानावर साधारण सहा डब्बे. कॉमिक लिहिणाऱ्याचं काम इतकंच, की कोणत्या डब्ब्यात काय दिसेल आणि कोण काय बोलेल हे ठरवायचं. मी कागदाला घड्या घालून सहा डब्बे पाडतो आणि त्यात लिहितो. कोणी शिकवलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गुरुजींशी पटलं नाही.

पंक्चर पहलवान माझा आहे. रायपूरच्या भनपुरीत ट्रक थांबतात तिथं त्याचं पंक्चरचं दुकान. ट्रकवाले येतात, भानगडी सांगतात, पहलवान त्या सोडवतो. बूढ़ापाऱ्यातल्या मोहन भैयाच्या प्रेसमधून दर महिन्याला त्याचं पुस्तक निघायचं. रायपूरचे पोट्टे ते शाळेत बाकाखाली धरून वाचायचे. मी रस्त्याने चाललो की मागून आवाज यायचा, "ए पहलवान!" मी कधी वळून पाहिलं नाही, पण चाल जरा बदलायची.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. नवे अंमलदार, नव्या शाळा, घरोघरी केबल. पहलवानाचे गठ्ठे दुकानातून परत येऊ लागले. मोहन भैयाने एक एम.ए. झालेला लेखक पाहून ठेवला होता. तो स्क्रिप्ट कॉम्प्युटरवर टाइप करून आणायचा. मोहन भैया स्क्रिप्ट कधी वाचत नसे, पण टाइप केलेला कागद त्याला बघायला आवडायचा.

"काकाजी," तो त्या शुक्रवारी म्हणाला, "सोमवार तक कुछ दमदार दो. नहीं तो पहलवान को रिटायर कर देते हैं. आपको भी आराम."

"मले आराम नाही पाहिजे."

"तो पहलवान को दे दो."

आणि आता शुभांगी म्हणत होती की ती काढणारच नाही.

हे असं काहून झालं, ते सांगतो. राजधानी झाल्याचा मला एक फायदा झाला होता. गावातली रद्दी सुधारली. बाहेरून आलेले अंमलदार जाडजूड पुस्तकं घेऊन यायचे आणि बदली झाली की ती बूढ़ातालाबाजवळच्या रद्दीवाल्याकडे टाकून जायचे. त्यात मला समुद्रातल्या प्राण्यांवरचं एक हिंदी पुस्तक सापडलं. ओळीखाली बोट ठेवून मी ते सगळं वाचलं. अष्टपाद नावाच्या प्राण्याला तीन हृदयं असतात! मी दोन दिवस भेटेल त्याला हे सांगत होतो. मग ताऱ्यांचं पुस्तक आणलं, मग मधमाश्यांचं. मधमाशी नाचून दुसरीला फुलांचा पत्ता सांगते. साठी उलटल्यावर कळलं की जग एवढं मोठं आहे, आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही.

तर मी ते सगळं पहलवानाला दिलं. आता पहलवान टायर खोलता खोलता ताऱ्यांवर बोलायचा. मला वाटायचं, पोट्टे शहाणे होतील.

नवी गोष्ट होती गाणाऱ्या ट्रकची. एक रिकामा ट्रक धावायला लागला की त्यातून बाई रडल्यासारखा सूर निघतो. ड्रायव्हर घाबरतात, कोणी चालवायला तयार नाही. कारण साधं. ट्रकच्या मागच्या बॉडीचे लोखंडी पाइप पोकळ. गंजून त्यांना भोकं पडली, वारा शिरला की बासरी वाजते. हवा आणि भोक, हाच तर पहलवानाचा धंदा! पण मी पहिल्याच डब्ब्यात त्याच्या तोंडून सगळं सांगून टाकलं होतं, आणि पुढं बावीस पानं वारा म्हणजे काय.

"पहले डब्बे में ही खतम," शुभांगी म्हणाली. "अब पढ़ने वाला पूछे क्या?"

"पढ़ने वाले ने पूछायचं नसते. समजून घ्यायचं असते."

"तो फिर आप ही समझो, काका." तिने ब्रश धुवायला घेतले.

मी तडक घरी आलो आणि कॅसेट लावली. तेव्हा मला पंडवानीचं वेड लागलं होतं. पंडवानी म्हणजे हातात तंबुरा घेऊन एक जण जुनी युद्धकथा गाऊन, नाचून सांगतो. शेजारी रागी बसतो. तो प्रत्येक ओळीला "हव", म्हणजे हो, म्हणतो, मधून विचारतो, "फेर का होइस?" म्हणजे मग काय झालं. मला तंबुरा आवडायचा, गाणारीचा आवाज आवडायचा. रागी मात्र डोक्यात जायचा. कॅसेटवाल्याला मी एकदा विचारलंही होतं, हव म्हणणाऱ्याशिवायची कॅसेट आहे का?

तो म्हणाला, "बाबूजी, बिना नमक की भाजी भी रखता नहीं मैं."

त्या रविवारी रायपूरजवळ अभनपूरला दुपारचा कार्यक्रम होता. कॅसेटवर ऐकायचो तीच बाई येणार होती, बिसाहिनबाई. सोमवार डोक्यावर असताना मी गेलो. कोणी म्हणालं लिही, की मला लिहायचं नसतं. जुनी सवय आहे.

मंडपात मी अगदी पुढं बसलो. बिसाहिनबाई ठेंगणी, काळीसावळी, पण तंबुरा उचलला की तोच गदा व्हायचा, तोच धनुष्य. रागीचं नाव समारू. त्याने कार्यक्रमाआधी मिरची भजी हाणली होती. अर्ध्या तासात त्याला उचकी लागली. "ह... हिक्... हव." लोक हसायला लागले. युद्धाचा प्रसंग, आणि मधे उचकी. पाणी दिलं, पाठीत गुद्दे घातले. उचकी जाईना.

बाई थांबली. मला वाटलं, बरं झालं, आता एकटी सांगेल. पण ती सांगेचना. पुढं एक ओळ म्हणायची, वाट पाहायची, आणि मागं फिरायची. तिकडं रिवाजच आहे. ऐकणाऱ्याने हुंकारू द्यायचा, म्हणजे हूं तरी म्हणायचं. हुंकारू बंद, की गोष्ट बंद.

तिने मंडपभर नजर फिरवली आणि तंबुरा माझ्याकडे रोखला. "ए कका! तैं हव कह."

"मी?"

"अउ कोन? सबले आगू तो बइठे हस!"

लोकांनी मला ढकलून वर चढवलं. मी पँटला हात पुसले आणि बसलो. हव म्हणायचं त्यात काय, कोणीही म्हणेल. ती म्हणाली, "राजा रणात आला..."

"हव!" मी म्हणालो.

"कका, गोठ ल पूरा तो होवन दे!" म्हणजे, बोलणं पुरं तर होऊ दे.

मंडप हसला. पुढच्या वेळी मी उशीर केला, ती पाय आपटून थांबली. त्याच्या पुढच्या वेळी मी इतक्या जोरात हव म्हणालो, की तबलजी दचकला. घाम फुटला मला. लक्षात आलं की हव म्हणायला आधी ऐकावं लागते. ती कुठं श्वास घेईल, कुठं वळेल. मी आयुष्यात इतकं कान देऊन कोणाचं ऐकलं नव्हतं.

हळूहळू जमलं. मग ती अशा जागी आली, की योद्धा जमिनीवर पडलाय, शत्रूने शस्त्र उचललंय, आणि तिने तंबुरा हवेत तसाच धरला. चूप. माझी पाळी होती. मी हव विसरलो. "फेर का होइस" विसरलो. माझ्या तोंडून निघालं, "मग? मग काय झालं वो बाई?"

सगळा मंडप खदखदून हसला. बिसाहिनबाई पण हसली. "अब मिलिस रागी!" म्हणाली, आता मिळाला रागी, आणि तंबुरा खाली आला.

आता गंमत पाहा. ती गोष्ट मला लहानपणापासून पाठ. तो योद्धा मरतो की वाचतो, हे तिथल्या शेळीला पण ठाऊक. तरी मी विचारलं, आणि मनापासून विचारलं. परत येताना बसमध्ये मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो. ठाऊक असलेलं विचारावंसं काहून वाटलं? उत्तर असं सापडलं, की तिने मला विचारायला जागा ठेवली होती. मी पहलवानाला तीन हृदयांचं ज्ञान दिलं, पण त्याच्या समोर कान एकही बसवला नाही.

घरी येऊन मी कागदाला नव्या घड्या घातल्या. पहलवानाच्या समोर चहाची टपरी टाकली, टपरीवर दुलारीबाई बसवली. तिचं काम फक्त विचारणं. रिकामा ट्रक रडत आला. दुलारी म्हणते, "पहलवान, ये कौन रो रहा है?" आणि पहलवान म्हणतो, "पता नहीं."

सोमवारी सकाळी शुभांगीने तो डब्बा पाहिला.

"पहलवान 'पता नहीं' बोलता है?"

"माणूस आहे थो."

"काका, ऐसा चेहरा तो इसका कभी बनाया ही नहीं मैंने." आणि तिने पेन्सिल उचलली. दुपारपर्यंत पंधरा पानांचे कच्चे डब्बे तयार झाले. ती काढत होती, आणि मधेच विचारत होती, "फिर?" मी सांगत होतो. मिशी वर उचललेली, डोळे बारीक, असा पहलवान मी पण कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मोहन भैयासमोर बसलो. त्याने पानं हातात तोलली. "कम हैं."

"ऐक तर."

मी वाचून दाखवायला लागलो. कॉमिकमध्ये उजव्या पानाचा शेवटचा डब्बा महत्त्वाचा, कारण त्यानंतर पान पलटवायचं असते. तिथं मी थांबायचो. पहिल्यांदा मोहन भैया हिशेबाची वही पाहत होता. दुसऱ्यांदा त्याने वही मिटली. पंधराव्या पानावर पहलवान चालत्या ट्रकच्या मागे लटकतो, रडण्याचा आवाज अगदी कानाशी येतो, तो ताडपत्री उचलतो...

मी पानं गोळा केली आणि रबर लावलं.

"फिर?" मोहन भैया म्हणाला.

शुभांगीने खाली मान घालून हसू दाबलं.

"पुढचं काढायचं आहे अजून," मी म्हणालो.

"बनाओ बाद में. बताओ तो. अंदर कौन है? औरत है?"

"उद्या."

"काकाजी, प्रेस मेरी है!"

"पहलवान माझा आहे."

त्याने हिशेबाची वही खणात टाकली. मग म्हणाला, "कल सुबह जल्दी आना. उस एम.ए. वाले को मैं मना कर देता हूँ. पर सुबह जल्दी."

पहलवान त्यानंतर आणखी काही वर्षं चालला. खप वाढला नाही, पण पहलवान बंदही पडला नाही. ताऱ्यांचं आणि मधमाश्यांचं पण मी वापरलं, दुलारीने विचारलं तेव्हाच. या धंद्यात मी एवढंच शिकलो. सांगणाऱ्याला जे ठाऊक आहे ते त्याने खिशात ठेवावं, समोरच्याने हात पुढे केल्याशिवाय काढू नये.

पण त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो, राहिलेल्या गोष्टीचे कागद पिशवीत घातले आणि बूढ़ातालाबाच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिथून प्रेसची पायरी दिसते. शटर केव्हाच वर झालं होतं. मोहन भैया बाहेर आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आत गेला. परत बाहेर आला. मी चहावाल्याला म्हणालो, अजून एक दे, आणि सावकाश उकळू दे.