साहेब बोलून गेले, पुढचं आम्ही निस्तरलं

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. आमच्या फिनिशिंगच्या टेबलाला तर ते आपोआप येऊन चिकटतात! जीन्स शिवून आली की लोंबते धागे कापायचे, बटण ओढून बघायचं, लेबल लावायचं, घडी घालायची. हातांना काम, डोळ्यांना काम, तोंड मात्र मोकळं! बारा वर्षं मी या टेबलाशी आहे. पण मागे आमच्या भागातल्या एका पुढारी साहेबांनी भाषणात दोन वाक्यं टाकली आणि त्यानंतरच्या महिनाभरात जेवढं साठलं, तेवढं बारा वर्षांत साठलं नव्हतं.

आमचा कारखाना उल्हासनगरात कॅम्प तीनला, गल्लीत आत, पहिल्या मजल्यावर. टेबलावर आम्ही तिघी. मी वर्षा, बदलापूरहून येते. सुमनमावशी साठीला टेकलेली, चिखलोलीकडच्या गावातली आगरी बाई, बोलणं एकदम रोखठोक. आणि दिपाली, बावीस वर्षांची, अंबरनाथची. तिघींत तिचाच हात सगळ्यात फास्ट. समोर कटिंगच्या टेबलावर जाधव मास्तर, आणि काचेच्या केबिनमध्ये आमचे सिंधी मालक हरीशसेठ. बस, एवढीच मंडळी.

*

तर पहिला किस्सा डब्याच्या वेळचा.

त्या आठवड्यात आमच्याच भागात एका कॉलेजच्या मुलीवर अत्याचार झाला होता. सगळीकडे तोच विषय. त्यात साहेब कुठल्या तरी बागेच्या उद्घाटनाला गेले, कुणीतरी माईक पुढे केला, आणि साहेब म्हणाले, "टाळी एका हाताने वाजत नाही. आणि मुलींनीही अंधार पडायच्या आत घरी यायला नको का?"

जाधव मास्तरांनी तो व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला. मास्तर साहेबांचे जुने भक्त. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीलासुद्धा साहेबांबरोबरचा फोटो! वर म्हणतात, "काय चुकीचं बोलले? टाळी एका हाताने वाजते का?"

दिपालीने डबाच बंद केला. मावशीने मात्र शांतपणे बोटं चाटली, उठली आणि हात वर करून मास्तरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एका हातान टाली नाय वाजं, खरा हाय. पन एका हातान थोबार वाजतं. दाखवू?"

मास्तरांनी मोबाइल खिशात घातला!

*

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यांना घेऊन केबिन गाठली. "सेठ, आम्हाला सहाला सोडा. साहेबांची ऑर्डर हाय. अंदार परायचे आत घरा!"

सेठ घाबरला. सीझन चालू, माल पॅक व्हायचा, आणि सहाला सोडायचं? "साईं, नेता तो बोल के गया, मेरा माल कौन पॅक करेगा? वो आयेगा?"

मी म्हटलं, "सेठ, साहेबांनाच विचारा ना."

मी मस्करीत म्हटलं हो! पण सेठने खरंच साहेबांच्या ऑफिसला फोन लावला. स्पीकरवर! "हॅलो, मेरे यहाँ लेडीज साडेसात को छुटती हैं. साब बोले अँधेरे के पहले घर जाना. तो साब की तरफ से रोज गाडी कितने बजे आयेगी?"

पलीकडचा माणूस गडबडला. "गाडी? ऐसी कोई योजना नहीं है."

सेठ म्हणाला, "तो फिर भाषण कौनसी योजना में दिया?"

फोन कट! पण सेठच्या डोक्यात ते राहिलं असावं. संध्याकाळी खाली आलो तर मालाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा. "स्टेशन तक छोडेगा. रोज. बैठो." आम्ही जीन्सच्या गठ्ठ्यांवर बसून स्टेशनला गेलो. मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी, नवरीसारखी!

*

इकडे लोक काही शांत बसले नव्हते. बदलापुरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पाण्याच्या टाकीशिवाय विषय नसतो. तिथे निवृत्त शाळामास्तरांपासून सगळ्यांनी साहेबांना पत्रं लिहिली. कॉलेजच्या मुली बोर्ड घेऊन साहेबांच्या ऑफिसबाहेर उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या, घोषणा नाही काही नाही. चार दिवस!

पाचव्या दिवशी साहेबांचा नवीन व्हिडिओ आला. "माझ्या बोलण्याचा विपर्यास करण्यात आला."

मावशीने मला विचारलं, "विपर्यास म्हंजे काय गं?"

मी म्हटलं, "म्हणजे मावशी, ते बोलले ते बरोबर होतं, आपण ऐकलं ते चुकलं!"

*

मग आला महिला मेळावा.

रविवारचा होता, मावशीच्या गावाजवळच्या हॉलमध्ये. आधीच ठरलेला, त्यामुळे साहेबांना रद्द करता येईना. मावशी मला म्हणाली, "तू पन ये गं." मी गेले. निमंत्रणावर वेळ चारची. हॉल गच्च भरला. पाच वाजले, सहा वाजले, निवेदिकेने येतील ती सगळी गाणी म्हणून घेतली. सात वाजून गेल्यावर साहेब आले. हार झाले, शाल झाली. साहेब माईकशी आले आणि म्हणाले, "माझ्या माता-भगिनींनो..."

मावशी उठली. पदर खोचला. आवाज तर असा की माईक लागतच नाही!

"साहेब, अंदार परला. आमी घरा जाताव."

आणि निघाली. तिच्या मागे तिच्या गल्लीतल्या बायका. त्यांच्या मागे पुढची रांग. मग सगळा हॉल! भांडण नाही, आरडाओरडा नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज तेवढा. दारातून मी वळून पाहिलं, साहेब शाल सावरत तसेच उभे होते.

दोन दिवसांनी तिसरा व्हिडिओ आला. त्यात साहेबांनी हात जोडले होते. "मी चुकलो. त्या मुलीची आणि तिच्या घरच्यांची मी माफी मागतो." आम्ही तो दोनदा ऐकला. मावशी म्हणाली, "या टायमाला 'पन' नाय लावला." खरंच, कुठेच 'पण' नव्हतं! खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मनापासून मागितली की लोक मागे लागल्यामुळे मागितली, ते त्यांचं त्यांना माहीत. पण मागितली!

*

जाधव मास्तरांचं काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. कापडाचा थर लावता लावता, आमच्याकडे न बघता.

त्यांची मुलगी बारावीला. क्लास सुटतो रात्री आठला. घरी जेवताना तिने विचारलं, "पप्पा, उद्या माझ्याबाबतीत काही झालं, तर टाळीचा दुसरा हात माझा का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"ताट उचललं आणि मोरीत जाऊन धूत बसलो," मास्तर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी आम्हाला कसला तरी मेसेज पाठवला, तेव्हा दिसलं. डीपीवर साहेब नव्हते. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये दोन वेण्या घातलेली त्यांची लेक होती, लहानपणीची!

*

आता दिपालीचं.

या सगळ्या गडबडीत दिपाली अचानक यायची बंद झाली. फोन उचलेना. चौथ्या दिवशी मी आणि मावशी हाफ डे टाकून तिच्या घरी अंबरनाथला गेलो.

तिच्या वडिलांनी दार उघडलं. मोरे भाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर आहेत. म्हणाले, "तिची नोकरी बंद केलीय. काही सांगू नका."

दिपालीने आतल्या खोलीत मला सगळं सांगितलं. अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या स्टँडवर एक माणूस महिनाभर तिच्या मागे होता. ती ज्या रिक्षात बसेल त्यात मुद्दाम शेजारी येऊन बसायचा. अंगचटीला यायचा. एकदा गल्लीपर्यंत मागे आला. ती घरी सांगणारच होती. पण ज्या संध्याकाळी सांगायला गेली, त्याच संध्याकाळी टीव्हीवर साहेबांचं ते वाक्य चालू होतं आणि बाबा मान हलवत होते. तिने शब्द गिळला. पुढे दोन आठवड्यांनी सहन होईना म्हणून सांगितलं, तर बाबांनी नोकरीच सोडायला लावली.

"ताई, मला सारखं वाटतं की मीच काहीतरी केलं," ती म्हणाली. मी तिचा हात धरून बसले.

बाहेर आले तर मावशी मोरे भाऊंना विचारत होती. "भाव, तुमचे कंपनीन मशीनचा एक पार्ट खराब झाला, तं तुमी काय करता?"

"पार्ट बदलतो."

"आख्खी मशीन बंद नाय ना करत?"

"नाही."

"मंग पोरीला कशाला बंद करता?"

मोरे भाऊ खाली बसले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, याची भीती वाटते हो. मी काही तिच्या वाईटावर नाही."

"ठावक हाय," मावशी म्हणाली. "म्हनून तं घरान येऊन बोलताव."

मोरे भाऊ उठले आणि चप्पल घालायला लागले. "दिपाली, चल. पोलीस स्टेशनला जाऊ."

*

शेवट आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचाही जीव भांड्यात पडेल. दिपालीने तक्रार दिली. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी त्या माणसाला ओळखलं, त्यांनीच पोलिसांना तो कधी येतो ते सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी तो पकडला गेला. एक म्हातारे रिक्षावाले काका दिपालीला म्हणाले, "बेटा, आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" सोमवारी दिपाली टेबलावर हजर! आठवडाभराचे साठलेले धागे तिने दुपारपर्यंत संपवले. सेठने सगळ्यांना कुल्फी फालुदा मागवला आणि जाधव मास्तरांनी स्वतःच्या हाताने वाटला.

पण खरा किस्सा तक्रार दिली त्या संध्याकाळचा आहे, पोलीस स्टेशनमधला.

आम्ही पाच जण गेलो होतो. दिपाली, तिचे आईवडील, मावशी आणि मी. दिपालीची आई फार कमी बोलणारी. घरी आम्ही एवढी हुज्जत घातली, तेव्हाही ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. नुसता चहा आणून ठेवला.

पोलीस स्टेशनला एक मॅडम होत्या. आम्ही किती घाबरून गेलो होतो! वाटलं, आता उलटसुलट विचारतील. कुठून येत होतीस, काय घातलं होतंस, एवढ्या उशिरा का? त्यांनी दिपालीला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "घाई नाही. सुचेल तसं सांग. तुझं काही चुकलेलं नाही, हे आधी डोक्यात ठेव."

दिपाली रडली. मग सांगितलं सगळं. मॅडम लिहीत गेल्या, वाचून दाखवलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं, सही घेतली. मोरे भाऊंनी मोठा श्वास सोडला. आम्ही सगळेच सैल झालो. मावशी तर पिशवी घेऊन उभीच राहिली.

मॅडम पेनाला टोपण लावता लावता सहज म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही मॅडम, झालं सगळं," मोरे भाऊ म्हणाले.

दिपालीची आई तोवर भिंतीशी उभी होती. ती पुढे आली. दिपाली उठल्यामुळे रिकामी झालेली खुर्ची तिने ओढली आणि तिच्यावर बसली. पदर नीट केला.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "पण ते पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. लग्नाआधी मी एका कंपनीत पॅकिंगला होते तेव्हाचं. चालेल?"

मोरे भाऊ तिच्याकडे बघतच राहिले.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, नवा कागद घेतला आणि म्हणाल्या, "सांगा."