जोतिरामच्या नावाची कुस्ती

“कुस्ती झाली का?” मी विचारलं.

“झाली की.”

“चांगली झाली?”

“एक नंबर. चितपट!”

“मिरवणूक?”

“आमीच काढली. हलगी लावून.”

“जेवण?”

“घनसाळचा भात आन् मटान. पोटभर.”

मी न्यायाधीश साहेबांकडे एकदा बघून परत साक्षीदाराकडे वळले. पदर नव्हता म्हणून काळा गाऊनच खांद्यावर सारखा केला आणि शेवटचा बाण सोडला. “मग अध्यक्ष, तुमची फसवणूक नेमकी झाली कुठं?”

जत्रा कमिटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. “बाई, लगीन झकास झालं. पंगती उठल्या. वरात निघाली. आन् मग कळलं, नवरा दुसराच हाय. तर तुमाला चाललं व्हय?”

आजऱ्याचं अख्खं कोर्ट हसलं. साहेबांनी फायलीत तोंड घालून खोकल्याचं नाटक केलं. मी “दॅट्स ऑल” म्हणून खाली बसले. उलटतपासणी म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून त्याची साक्ष खिळखिळी करणं. त्या दिवशी खिळखिळी झाले ती मी.

हा नव्वदच्या दशकाच्या शेवटचा काळ. मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करत होते. हल्ली ओळखचोरी म्हटलं की मोबाईल, ओटीपी, आधार कार्ड आठवतं. तेव्हा हे काही लागत नसे. माणूस सरळ छाती पुढे काढून दुसऱ्याचं नाव सांगायचा. त्यासाठी दंड संहितेत कलम ४१९ होतं, म्हणजे तोतया बनून फसवणूक. त्याच्या जोडीला ४२० बहुतेक यायचंच, लग्नात करवली येते तसं.

माझा अशील विलास, कोडोलीचा. कोल्हापुरातल्या एका तालमीत राहून कुस्ती करायचा. आरोप असा की तो आजऱ्याजवळच्या एका गावच्या जत्रेत जोतिराम मुरगूडकर म्हणून गेला आणि त्या नावावर लढला. जोतिराम हा तेव्हाचा नावाजलेला पैलवान. त्याचं नाव हँडबिलवर असलं की मैदानाला माणूस मावायचा नाही. हँडबिलवर फोटोही होता, पण छापताना शाई इतकी सांडलेली की ओळखू येत होते ते फक्त मोडके कान. मातीत घासून घासून पैलवानांचे कान फुगतात आणि वळकटीसारखे होतात. तसे कान विलासलाही होते. गावानं कान बघितले आणि हार घातला.

सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण पंगतीत मुरगूडचे एक पाव्हणे बसले होते. आपल्या गावचा पैलवान जिंकला म्हणून ते भाताचा हात धुऊन हार घेऊन आले, समोर उभे राहिले आणि हार तसाच धरून म्हणाले, “ह्यो कोण?”

पोलीस जोतिरामकडे गेले. त्यानं जबाब दिला, “मी या इसमास ओळखत नाही. माझ्या नावाचा गैरवापर झाला आहे.” झालं. विलासवर चार्जशीट दाखल झालं. चार्जशीट म्हणजे पोलिसांनी तपास संपवून कोर्टापुढे मांडलेला आरोपांचा गठ्ठा.

शिक्षा किती होईल ही विलासची चिंताच नव्हती. तो खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीत निवडला गेला होता. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. पोलीस होऊ घातलेल्या माणसावर तोतयेगिरीचा खटला! शिक्षा झाली असती तर खाकी कपडा त्याला फक्त दुसऱ्याच्या अंगावर बघायला मिळाला असता.

आमची पहिली भेट तालमीबाहेर झाली. तालमीत बाईमाणसाला प्रवेश नाही. मी माझ्या लुनावर बसले आणि विलास हात मागे बांधून समोर उभा राहिला, जणू मीच हवालदार.

“खरं सांग. गेला होतास?”

“गेलतो की.”

“जोतिराम म्हणून?”

“व्हय.”

“मनानं गेलास, की कुणी पाठवलं?”

तो आकाशाकडे बघायला लागला. “मॅडम, त्येवढं सोडून काय बी इचारा.”

“जोतिरामला ओळखतोस?”

“त्ये बी त्यातच आलं.”

मी चिडले, रागावले, गोड बोलले. नाटकात नसेल एवढा अभिनय मी त्या रस्त्यावर केला. शेजारच्या दूधवाल्यानं म्हैस पिळायची थांबवली, पण विलास ढिम्म.

लोक मला विचारतात, अशील स्वतः कबूल करतो, तरी तुम्ही त्याचा बचाव कसा करता? सोपं आहे. अशिलानं मला सांगितलेलं माझ्यापाशीच राहतं. तो गेलाच नव्हता, असं खोटं मी कोर्टाला सांगू शकत नाही. पण गुन्हा शाबीत करायचं काम सरकारचं. फसवणुकीचा गुन्हा बाजल्यासारखा असतो, त्याला पाय असतात. समोरच्याला फसवलं पाहिजे, मनात लबाडी पाहिजे आणि समोरच्याचं काही नुकसान झालं पाहिजे. एक पाय जरी सरकारला बसवता आला नाही, तरी बाजलं पडतं. मी नुकसानाचा पाय धरला होता. अध्यक्षांनी नवरा बदलून तो परत घट्ट ठोकला.

कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांना गाठलं. “अध्यक्ष, पोरगं माफी मागतंय. तडजोड करा की. नोकरी जाईल त्याची.”

“माफीनं काय हुतंय बाई? पंचक्रोशी हसती आमाला. परवा बाजारात एक जन म्हनला, औंदा तुमच्या जत्रंला देवी तरी खरी हाय न्हवं?”

मी हसू चहाबरोबर गिळलं. “पण कुस्ती तर चांगली केली त्यानं.”

“त्येचाच तर राग हाय!” म्हातारा तडकला. “एवढं अंगात हुतं, तर सोताच्या नावानं यायला काय झालतं?”

मी दोघांच्याही चहाचे पैसे दिले.

पुढच्या तारखेला जोतिरामची साक्ष होती. पट्टेवाल्यानं दारात जाऊन पुकारा केला. जोतिराम आत आला आणि कोर्टाची उंची कमी झाल्यासारखं वाटलं. पांढरा स्टार्चचा नेहरू शर्ट, तसाच पायजमा. बाकांवरची माणसं आपोआप सावरून बसली. एका पक्षकारानं तर उठून नमस्कार केला, त्याचा या खटल्याशी काही संबंध नव्हता.

तालुक्याचं कोर्ट ते. साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे जायची वाट आरोपीच्या समोरूनच जाते. विलास मान खाली घालून उभा होता. जोतिराम जवळ आला. आणि विलास वाकला. पायाला हात लावून तो हात स्वतःच्या छातीला लावला.

तालमीत हे रोज होतं. धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं, आणि थोरल्यानं त्याच्या मानेला हात घालून ती दाबून बघायची. पैलवानाची तब्येत मानेवरून कळते. दोघांनाही यात विचार करावा लागत नाही, जसा आपल्याला शिंक देताना करावा लागत नाही.

जोतिरामचा पंजा विलासच्या मानेवर पडला. त्यानं दोनदा दाबली आणि भर कोर्टात, भरदार आवाजात म्हणाला,

“मान उतरली की रं तुझी! खुराक बंद केलास व्हय?”



सरकारी वकील माझ्या वडिलांच्या वयाचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला आणि पुसून परत घातला. जोतिरामच्याही ध्यानात आलं. हात मानेवरून काढावा की ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो पिंजऱ्यात गेला, शपथ घेतली, आणि सरकारी वकिलांनी खोल श्वास घेऊन पहिला प्रश्न विचारला. दुसरा पर्यायच नव्हता त्यांना.

“आरोपीला तुम्ही ओळखता का?”

जोतिरामनं विलासकडे बघितलं. विलास हळूच ‘न्हाय म्हना’ अशी मान हलवत होता. तीच मान!

“ओळखतो साहेब,” जोतिराम म्हणाला. “आमी एका तालमीतलं. माझा गुडघा सुजलेला. मैदान चुकलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. म्याच ह्येला म्हनलं, माझं नाव घे आन् लढ जा. पोलीस आलं तवा सासरची मान्सं घरात बसलेली. घाबारलो. न्हाय म्हनून गेलो.”

न्यायाधीश साहेब पुढे झुकले. “तुम्ही काय बोलताय ते समजतंय ना? हे तुमच्यावरही उलटू शकतं.”

“व्हय साहेब. पन ह्ये पोरगं अजून गप हाय बघा. मला न्हाय ऱ्हावत गप.”

आपल्याच बाजूविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला फितूर म्हणतात. आयुष्यात मी ढिगानं फितूर साक्षीदार पाहिले, सगळे खोटं बोलण्यासाठी फिरलेले. खरं बोलण्यासाठी फितूर झालेला हा पहिला आणि शेवटचा.

मी खुर्चीतल्या खुर्चीत फुगडी घालायच्या बेतात होते. माझ्या अशिलानं नाव चोरलं नव्हतं, मालकानं ते दिलं होतं! माझा आनंद पाव मिनिट टिकला. सरकारी वकील माझ्याकडे झुकून म्हणाले, “बाई, कलम नीट वाचा. एका माणसाच्या जागी दुसरा उभा करणं, हीसुद्धा तोतयेगिरीच. गावाला दोघांनी मिळून फसवलं. मी अर्ज दिला, तर तुम्हाला एकाचे दोन आरोपी होतील.” आणि त्यांनी मला लवंग दिली.

ते बरोबर होते. आता एकच वाट होती, तडजोडीची. काही गुन्हे कायदा मिटवू देतो. ज्याची फसवणूक झाली तो तयार असेल आणि कोर्टानं परवानगी दिली, तर खटला तिथंच संपतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. ४१९ आणि ४२० त्यात बसतात. म्हणजे सगळी चावी पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या खिशात.

मधल्या सुटीत अध्यक्ष कोर्टाच्या पायरीवर बसले होते. दोन्ही पैलवान समोर उभे, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरांसारखे. अध्यक्षांनी बराच वेळ तंबाखू मळली.

“का रं,” ते विलासला म्हणाले, “ह्येचं नाव का सांगितलं न्हाईस पोलिसास्नी?”

“माझ्या घरनं खुराकाला पैसं येत नव्हतं,” विलास पायरीकडे बघत म्हणाला. “ह्येंच्यातलं दूध पिऊनच तर मान झाली.”

अध्यक्षांनी तंबाखू तोंडात टाकली. “बरं. मिटवतो. पर एक अट हाय. औंदाच्या जत्रंत दोघांनी यायचं. आपापल्या नावानं. आन् एकमेकांसंगं लढायचं.”

मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात दोघांचे चेहरे बघितले. विलास माझ्या कानाशी आला. “मॅडम, त्यापरास जेलात जातो.”

एका तालमीतली पोरं मैदानात एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. तालमीत रोज एकमेकांना आपटतील, पण चारचौघांत भावाची पाठ मातीला लावायची नाही. अध्यक्षांना हे पक्कं माहीत होतं. म्हाताऱ्यानं शिक्षा कोर्टापेक्षा बारीक मोजून नेमली होती.

आता परवानगी देऊ शकणारा माणूस एकच, त्यांचे वस्ताद नाना. मी पुन्हा तालमीसमोर लुना लावली. नाना उंबऱ्याच्या आत बसले, मी बाहेर. मी कायदा समजावला, पडताळणी समजावली, विलासच्या आईचं नाव काढून डोळ्याला रुमालही लावला.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. “रडू नगा वकीलबाई, रुमाल कोरडा हाय तुमचा,” ते म्हणाले. “आमच्यात भाऊ भावासंगं लढत न्हाय, ह्यो नियम खरा. पर दुसऱ्याचं नाव लावून लढायचं न्हाय, ह्यो त्याच्या आदीचा नियम. थोरला मोडलाय ह्येनी. आता धाकटा मोडूनच भरपाई करायला लागंल. सांगा त्या अध्यक्षाला, येतो म्हनावं. पंच म्या ऱ्हानार.”

कोर्टानं तडजोडीला परवानगी दिली. विलास निर्दोष सुटला. सरकारी वकिलांनी जोतिरामविरुद्धचा अर्ज लिहायलाच घेतला नाही.

जत्रेला मी गेले. बायकांना बसायची सोय शाळेच्या गच्चीवर होती. हँडबिलवर या वेळी दोघांचीही नावं होती, फोटो मात्र तितकेच काळे. हलगी सुरू झाली. विलासनं माती उचलून कपाळाला लावली आणि मग जो काही खेळ सुरू झाला, त्याला कुस्ती म्हणणं अवघड होतं. जोतिरामनं धरलं की हा सुटायचा, पण उलटा डाव काही टाकायचा नाही. पब्लिक ओरडायला लागलं. नाना शिट्टी चावत होते.

शेवटी जोतिरामनं त्याची मान बगलेत घेतली आणि गच्चीपर्यंत ऐकू येईल असा ओरडला, “लढ की लेका! गेल्या साली माझ्या नावानं लढलास, आता तुझ्या नावाला काय काटं आल्यात?”

मग विलास लढला. डोळ्याचं पातं लवतंय तोवर जोतिराम हवेत, आणि दुसऱ्या क्षणी पाठीवर. जोतिराम मातीत पडल्या पडल्या हसत होता आणि विलास त्याच्या छातीवर बसून रडत होता. अध्यक्ष फेटा उडवत कुस्तीच्या हौद्यात उतरले आणि दोघांना एकाच हारात घालायला लागले. हार तुटला.

पोलीस पडताळणीत थोडी खळखळ झाली. मला निकालाची प्रत जोडून अर्ज द्यावे लागले, एका साहेबांसमोर तडजोड म्हणजे निर्दोष मुक्तताच, हे दोन वेळा सांगावं लागलं. पण नेमणूक मिळाली. विलास आता हवालदार आहे. त्याच्या मानेला शर्टाचं वरचं बटण अजून लागत नाही.

मी मात्र एक शिकले. अशील तोंड मिटून बसला की आम्ही वकील विचारतो, “काय लपवतोस?” त्या खटल्यानंतर मी विचारते, “कुणाला वाचवतोस?” शंभरातल्या नव्याण्णवांचं उत्तर “स्वतःला” असंच येतं. पण विचारून बघायला आपलं काय जातंय?