साखरपुड्यातला लॅपटॉप

सेलूच्या योगिनी वालूरकरचे विद्यार्थी दुबईत, लंडनमध्ये, कुठंकुठं राहायचे. ती घरच्या मधल्या खोलीत बसून त्यांना संस्कृत शिकवायची. पडद्यावरच्या चौकोनांत बसलेली पोरं अडखळत रूपं म्हणायची, आणि स्वयंपाकघरात कणीक तिंबणाऱ्या तिच्या आई, हेमाताई, त्यांच्या आधीच पुढचं रूप म्हणून मोकळ्या व्हायच्या. वडील मार्तंडराव शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले. आता आसपासच्या गावात कुणाकडं सत्यनारायण, वास्तुशांत असली की त्यांना बोलावणं यायचं. एम.ए. झालेल्या मुलीला नोकरी मिळेना म्हणून ते खंतावत असतानाच तिनं हा मार्ग स्वतः शोधून काढला होता. आवाज खणखणीत, हसणं मोकळं, पोटात काही राहायचं नाही, अशी पोरगी.

अडचण एकच होती. तिचा लॅपटॉप जुना, पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि ऐन वर्गात बंद पडायचा. म्हणून साखरपुड्यात श्रीनिधीनं तिच्या हातात करड्या रंगाचा, वहीसारखा पातळ, महागडा लॅपटॉप ठेवला तेव्हा मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. नवरामुलगा परभणीचाच, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. कधी आवाज चढवणार नाही, मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय बसणार नाही.

"सगळं लावून दिलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "तू फक्त उघडायचा आणि शिकवायचं. सेटिंगला हात लावू नकोस."

पहिले काही दिवस योगिनीला त्या यंत्राचं किती कौतुक! पोरांचा आवाज शेजारी बसल्यासारखा यायचा. दोन नवे वर्ग सुरू झाले. संध्याकाळी श्रीनिधीचा फोन यायचा. "दमलीस ना आज? शेवटचा वर्ग लांबला." कुणीतरी आपली एवढी दखल घेतं, याचं तिला बरं वाटायचं. आपण त्याला वर्ग लांबल्याचं कधी सांगितलं, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही.

मग एकदा तो म्हणाला, "राजेश्रीला घरातलं सगळं सांगायची गरज असते का?"

राजेश्री तिची कॉलेजातली मैत्रीण. तिच्याशी लॅपटॉपवरच गप्पा चालायच्या. योगिनी गोंधळली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की. विसरलीस?" तो हसला. "हल्ली लई विसरायलीस तू."

तिला वाटलं, असेलही. त्यानंतर ती राजेश्रीशी जपून बोलू लागली. जपून का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पोरांच्या परीक्षा लग्नाच्याच दिवसांत येत होत्या. एका दुपारी तिनं त्याला निरोप लिहायला घेतला, की तारीख थोडी पुढं नेता येईल का. चार ओळी लिहिल्या, वाचल्या, आणि तो दुखावेल म्हणून पुसून टाकल्या. पाठवल्या नाहीत. संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन आला. जेवणखाण, हवापाणी विचारून झालं आणि त्याच मऊ आवाजात तो म्हणाला, "लग्न पुढं ढकलायचं काही डोक्यात असेल तर काढून टाक."

योगिनीनं फोन ठेवला. न पाठवलेलं त्याला कसं कळलं? तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. झाकण उघडं होतं. तिनं ते मिटलं, वर ओढणी टाकली, आणि मग आपलीच लाज वाटून ओढणी काढली. थोड्या वेळानं परत टाकली.

त्या दिवसापासून ती कपडे बदलायला न्हाणीघरात जाऊ लागली. घरात हळू बोलू लागली. मनात दोन्ही बाजू चालायच्या. यंत्र चांगलं आहे, वर्ग त्याच्यावर उभे राहिलेत, दिलेली वस्तू बदलली तर माणूस दुखावेल. आणि संशय खोटा निघाला तर? खरा निघाला तर, इथपर्यंत ती विचार नेतच नव्हती. शेवटी एका सकाळी त्याच लॅपटॉपवर तिनं परभणीतली दुकानं शोधली. हा द्यायचा आणि साधा, स्वस्तातला घ्यायचा. परभणीच्या गाडीची वेळही बघून ठेवली.

घरी तिनं एवढंच सांगितलं, की एवढा भारी लॅपटॉप मला झेपत नाही, साधा बरा.

मार्तंडरावांनी चष्मा काढला. "व्याह्यांकडून आलेली वस्तू बाजारात नेऊन बदलायची? उद्या मंगळसूत्रही बदलून आणशील."

ते पूजेला निघून गेल्यावर हेमाताई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"परवा श्रीनिधीचा मला फोन आलता," त्या म्हणाल्या. "विचारायलता, दुपारी योगिनीच्या खोलीत कोण बोलत होतं. मी म्हटलं, बायनाबाई आलती झाडायला, तीच असेल. फोन ठेवला आणि मग ध्यानात आलं. पुण्यात बसून ह्याला कसं ऐकू आलं गं?"

योगिनीनं पटकन आईच्या तोंडावर हात ठेवला. लॅपटॉप शेजारच्या टेबलावरच होता. मग तिनं आईला अंगणात नेलं आणि तुळशीपाशी उभं राहून सगळं सांगितलं.

"मी येते तुझ्यासंगं," हेमाताई म्हणाल्या.

सेलू स्टेशनवर गाडी यायची होती तेवढ्यात फोन वाजला. "परभणीला कशाला चाललीस?" श्रीनिधीनं विचारलं. "स्वस्तातलाच पाहिजे होता तर मला सांगायचं. मी आणून दिला असता."

तिनं फोन बंद केला. गाडी निघाली. मानवत रोड गेलं, पेडगाव गेलं. बाहेर कापसाची उभी शेतं, आत माणसांचा कलकलाट, आणि योगिनीच्या मांडीवर ती पिशवी. त्यात जिवंत काही असावं तशी ती दोन्ही हातांनी धरून बसली होती.

परभणीतलं नागनाथचं दुकान चिंचोळं होतं. त्यानं लॅपटॉप उघडला, काही बटणं दाबली. परत दाबली.

"ताई, हा तुमच्या नावावर न्हाई."

"मला भेट मिळालाय."

"असंल. पण मालक म्हणून दुसऱ्याचं नाव हाय. त्यानं सोडल्याबिगर मला ह्याला हात लावता येत न्हाई." तो आईकडं बघून अडखळला. "आणि काकू, ह्यात एक ॲप बसवलेलं हाय. लहान लेकरांवर नजर ठेवायला काही लोक बसवतेत तसलं. टाइप केलेलं, बोललेलं, सगळं तिकडं जातंय."

योगिनीनं दुकानाबाहेर येऊन फोन सुरू केला आणि लावला. वाटलं होतं तो नाकबूल होईल, निदान चिडेल तरी. तो चिडला नाही.

"काळजीपोटीच ना," तो म्हणाला. "तू भोळी आहेस. लोक फायदा घेतात. होईल तुला सवय."

"तुमचं नाव काढून टाका त्यातनं."

"तिथंच थांब. बाबा पोचायलेत."

आणि खरंच, रस्त्यापलीकडं स्कूटर लावून श्रीनिधीचे वडील बन्सीधरराव येत होते. चेहऱ्यावर साखरपुड्यातलंच हसू. "अहो विहीणबाई, आमच्या गावात येऊन बाजारातूनच परत जायलात? चला घरी, चहा घेऊ. पोरांचं काय, दोन दिवस रुसतेत." बोलता बोलता त्यांनी योगिनीच्या कोपराला धरलं. अगदी अलगद, पण सोडलं नाही. "हिच्या सासूचंही पहिल्यांदा असंच होतं. आता माझ्या परवानगीबिगर दारात उभी राहत नाही. सुखात आहे."

योगिनीला आपली होणारी सासू आठवली. साखरपुड्यात कुणी काही विचारलं की ती बाई आधी नवऱ्याकडं बघायची.

हेमाताईंनी दुकानातून लॅपटॉप आणला आणि बन्सीधररावांच्या छातीशी असा धरला, की घ्यायला त्यांना दोन्ही हात लागले. "हा तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "साखरपुड्याचं बाकीचं सामान आमचे हे आणून देतील."

त्यांची स्कूटर गेली. मग योगिनी आत गेली आणि स्वतःच्या कमाईतून एक जाडजूड, वापरलेला लॅपटॉप घेतला. नागनाथला त्यातलं सगळं पुसायला लावलं. झाल्यावर पुन्हा एकदा पुसायला लावलं.

मार्तंडराव सगळं ऐकून बराच वेळ देवघरासमोर बसून राहिले. नंतर साडी आणि अंगठी घेऊन स्वतः परभणीला जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सेलूत मात्र बोभाटा झाला, की वालूरकरांच्या पोरीनं लॅपटॉपवरून लग्न मोडलं. श्रीनिधी कुणालाही वाईट बोलला नाही. "ती जिथं असेल तिथं सुखी राहो," एवढंच तो ओळखीपाळखीत म्हणायचा, "माझं लक्ष आहेच."

हे शब्द राजेश्रीकडून योगिनीच्या कानावर आले.

नव्या लॅपटॉपवर चित्र अडकायचं, आवाज फाटायचा. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. बाकीची टिकली. वर्गाची लिंक जुनीच राहिली होती. एका सकाळी वर्ग चालू असताना एक काळा चौकोन उमटला. नाव नाही, चेहरा नाही. उशिरा येणाऱ्या पोरांना ती एरवी न विचारता आत घ्यायची.

"कोण आहे? नाव सांगा," ती म्हणाली.

चौकोन तसाच राहिला. तिनं पुन्हा विचारलं, आणि मग तो वर्गातून काढून टाकला. थोड्या वेळानं तसाच दुसरा उमटला. तिनं तोही काढला, नवं कुणी शिरू नये म्हणून पडद्यावरच्या वर्गाचं दार आतून बंद केलं, आणि आईला हाक मारून शेजारी येऊन बसायला सांगितलं. हेमाताई पिठाच्या हातानं येऊन बसल्या. योगिनीनं पोरांना धडा काढायला सांगितला.